भास्करची पाठवणी

गेटावर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. आत जाणारा अर्धी गोष्ट सांगतो, उरलेली बाहेर पडताना सांगतो. मी मुलांच्या एका संस्थेच्या गेटावर सत्तावीस वर्षं बसलो. मला भरभर बोलता येत नाही. त्यामुळं मधे न बोलता ऐकत राहायचो, आणि ऐकलेलं साठत गेलं. परवा संस्थेतून बाहेर पडलेली चार-पाच पोरं घरी आली होती. आता त्यांचीच पोरं कॉलेजात आहेत. म्हणाली, "नाना, भास्करचं सांगा." म्हणून आज भास्करचंच सांगतो. बाकीच्यांचं सांगायला बसलो तर चहा गार होईल.

आमची संस्था उस्मानपुऱ्याकडे होती. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. भास्कर अकरा वर्षांचा असताना आला, सोबत पाच वर्षांची बहीण मंगल. आई-बाप गेलेले. लासूर स्टेशनचा मामा दोघांना गेटावर सोडून, "आठ दिवसांत येतो," म्हणाला. ते आठ दिवस अजून भरायचे आहेत.

मुलांची इमारत वेगळी, मुलींची वेगळी. भास्कर अठरा वर्षांचा झाला तेव्हा मंगल बारा वर्षांची होती. कायद्यानं त्याला आता संस्थेत राहता येत नव्हतं. अठराच्या पुढच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृह होतं, पण ते दुसऱ्या जिल्ह्यात. तिकडं गेला तर बहीण इथं आणि भाऊ तिथं. शहरात खोली मिळाली, नोकरी टिकली आणि मुलांचं बघणाऱ्या सरकारी कमिटीला सगळं पटलं, तर सुट्टीत चार दिवस मंगलला त्याच्याकडं पाठवता येणार होतं. भास्करला दुसरं काहीच नको होतं. दिवाळीला बहीण आपल्या घरी यावी, एवढंच.

* * *

संस्थेच्या रजिस्टरात अठरा पूर्ण झालेल्या पोराच्या नावापुढं 'मुक्त केले' असं लिहायची पद्धत होती. आमच्या अधीक्षिका वैद्यबाईंना तो शब्द आवडायचा नाही. "मुक्त करायला हे काय तुरुंगात होते?" असं म्हणून त्या 'पाठवणी' लिहायच्या. साहेबलोक तपासणीला आले की त्या शब्दाखाली लाल रेघ ओढायचे. पुढच्या वर्षी बाई पुन्हा तेच लिहायच्या.

पाठवणी म्हटल्यावर सोबत रुखवतही आलं. बाई वर्षभर जमवायच्या. एक पत्र्याची पेटी, तिच्यात स्टोव्ह, तवा, दोन पातेली, चादर, सुईदोरा, गजराचं घड्याळ. भास्करची पेटी भरायला घेतली तेव्हा बाकीची पोरं हसायला लागली. भास्कर लाजून लाल झाला. म्हणाला, "बाई, मी काय नवरी हाय का?"

बाई तव्याला कागद गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नवरीला निदान सासर असतं. तुझी पेटी जास्त भरायला पाहिजे."

 हसणाऱ्यांतल्या एकानं स्वतःचा कंगवा आणून पेटीत टाकला.

* * *

खोलीचं पहिल्या तीन महिन्यांचं भाडं संस्थेनं द्यावं, असं बाईंनी ट्रस्टींपुढं मांडलं. तोवर तशी पद्धत नव्हती. मी पाण्याचे ग्लास घेऊन आत गेलो होतो, म्हणून पुढचं ऐकायला मिळालं.

एक ट्रस्टी म्हणाले, अठरा वर्षं म्हणजे काही कमी नाहीत, आता त्यानं स्वतःच्या पायावर उभं राहावं. बाईंनी त्यांना विचारलं, "आपले चिरंजीव किती वर्षांचे झाले?"

"सव्वीस."

"कुठं असतात?"

"आमच्याकडंच. कुठं जाणार?"

 बाईंनी कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

* * *

भास्कर स्वयंपाकघराच्या गटात होता. साठ जणांचा भात डोळे मिटून लावायचा. पण एकट्याचा स्वयंपाक कधी केला नव्हता. पाठवणीच्या आधी बाईंनी त्याला सांगितलं, आज फक्त स्वतःपुरती खिचडी करून दाखव.

तासाभरानं बघतो तर चूल पेटलेली नाही आणि भास्कर पाटीवर भागाकार करत बसलेला. तांदळाचं, डाळीचं गणित सुटलं होतं. अडला होता मिठावर. साठ जणांना दोन मुठी मीठ लागायचं. म्हणजे एकाला मुठीचा तिसावा भाग. तो कसा मोजायचा?

आमच्या स्वयंपाकीण शेवंतामावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी मिठाच्या बरणीत हात घातला आणि त्याच्यापुढं धरला. म्हणाल्या, "याला चिमूट म्हणत्यात, लेकरा. हिशेब पुसून टाक."

* * *

नोकरी मिळाली. चिकलठाण्याला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर. खोली मात्र मिळेना. जिथं जाईल तिथं घरमालक विचारायचे, गाव कोणतं, वडील काय करतात, घरी कोण कोण असतं. भास्करला खोटं बोलता यायचं नाही. एकानं विचारलं, "भावंडं किती?" हा म्हणाला, "साठ." त्यानं दारच लावून घेतलं.

शेवटी गारखेड्याला जिजाबाई म्हणून एक बाई होती. शेतकऱ्याच्या घरातली, नवरा वारलेला, पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायची. भास्कर तिला बरा वाटला, पण म्हणाली, घरचं माणूस आणून दाखव. वैद्यबाई गेल्या. तर त्यांना म्हणाली, "तुमी शिकलेल्या, लई चांगल्या. पण उद्या बदली झाली तर मी कुणाला हुडकू?"

भास्करची संस्था सोडायची मुदत संपायला चार दिवस राहिले होते. बाई म्हणाल्या, "नाना, तुम्ही जाऊन या."

मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. जिजाबाईनं बाजेवर बसवलं. गाव विचारलं. पाचोड म्हटल्यावर तिथल्या बाजारात तिच्या दिरानं बैल घेतले होते, ते निघालं. मग तिनं सरळ विचारलं, "पोरगं तुमचं कोण लागतं?"

मी विचारात पडलो. मुलगा म्हणावं तर खोटं. कुणीच नाही म्हणावं तर तेही खोटं. शब्द काही सापडेना. ती आत गेली, चहा टाकला, उकळला, कपबशा घेऊन बाहेर आली. मी अजून तसाच बसलेलो.

चहा पुढं ठेवत जिजाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लबाड माणूस इतका येळ लावत नाय. पेटी घेऊन या उद्या."

* * *

खोली मिळाली, पण राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला भास्कर सायकलवर गेटापुढं हजर. मला वाटलं, काही विसरला. त्यानं खिशातून खोलीची चावी काढली, माझ्या हातात दिली आणि गेला. संध्याकाळी आला, चावी घेऊन गेला.

संस्थेत नियमच होता. कपाटाची, कोठीची, कोणतीही चावी असो, बाहेर जाताना गेटावर जमा करायची. पोरानं सात वर्षं तेच केलं होतं. आता वर्कशॉप खोलीच्या पूर्वेला आणि आम्ही पश्चिमेला, तरी तो रोज आधी उलटा यायचा. मीही चावी खिळ्याला अडकवायचो. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळ-संध्याकाळ पोरगा दिसत होता.

आठ दिवसांनी बाईंच्या लक्षात आलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नाना, उद्या चावी घ्यायची नाही. हात मागं बांधून उभे राहा."

उभा राहिलो. भास्कर चावी पुढं धरून थांबला. मी हात काढले नाहीत.  मग त्यानं चावी हळूच खिशात टाकली, दोन पावलं चालून बघितली आणि म्हणाला, "नाना, लई वाजती हो."

* * *

दिवाळी जवळ आली. मंगलला चार दिवस पाठवायचं की नाही हे ठरवायला कमिटी बसली. जिजाबाईला बोलावलं नव्हतं, तरी ती आली. नऊवारी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन गेटावर उभी राहिली. मला म्हणाली, कुठं बसलेत ते सायेब? मी बोट दाखवलं.

आत भास्करला विचारत होते की वस्ती कशी आहे, मुलीच्या दृष्टीनं जागा योग्य आहे का, रात्री कोण असतं. भास्कर उभा राहून घाम पुसत होता. जिजाबाईनं थोडं ऐकलं. मग मधल्या साहेबांना म्हणाली, "सायेब, तुमाला लेक हाय का?"

साहेब म्हणाले, आहे.

"मग तिला धाडा आधी चार दिस. माझ्यापाशी निजंल. तिला पटलं तर हिला धाडा."

साहेबांनी बाईंकडं बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मंगलचा कागद सही होऊन बाहेर आला.

* * *

मंगलला पोचवायला मीच गेलो. लक्ष्मीपूजनाचा दिवस. भास्करनं खोली शेणानं सारवून घेतली होती. बाहेर जिजाबाईनं रांगोळी काढली होती. आत एक चटई, कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीला आरसा. मंगलनं आरशाला हात लावून बघितला, पातेली मोजली, मग चटईच्या एका टोकाला बसली. भास्कर दुसऱ्या टोकाला बसला. मधे मी.

आता एक सांगायचं राहिलं. मुलांची आणि मुलींची इमारत वेगळी असल्यामुळं भावा-बहिणींची भेट रविवारी व्हायची. दर रविवारी चार ते पाच, गेटाजवळच्या बाकावर, माझ्यासमोर. पाच वाजले की दोघांना उठवायचं काम माझं. सात वर्षं प्रत्येक रविवारी मीच या दोघांना उठवलं होतं.

भास्करनं चहा केला. साखर जास्त पडली होती. मंगलनं वर्गातलं सांगितलं, भास्करनं लेथचं. तिनं त्याचा हात उलटा करून काळी पडलेली नखं बघितली. त्यानं तिची वेणी कुणी घातली ते विचारलं. बाहेर पोरं फटाके उडवत होती. गजराचं घड्याळ फळीवर टिकटिकत होतं. माझं लक्ष तिकडं गेलं. पाच वाजले होते.

मी म्हणालो, "चला, वेळ झाली."

दोघंही उठून उभी राहिली. भास्करनं चटईवरून पाय काढला. मंगलनं चपलेत पाय घातला. फ्रॉक झटकला. मग ती तशीच थांबली. भास्करकडं बघितलं, दाराकडं बघितलं, आणि पाय चपलेतून काढून परत चटईवर येऊन बसली.

म्हणाली, "नाना, वेळ तुमची झाली."