लुक आफ्टर म्हणजे नंतर पाहू

ये माय, अशी जवळ सरक. कागदावरच का होईना, सरक. आणि तो फोन उलटा ठेव आधी. आजी बोलून राह्यली की तुझा अंगठा त्या काचेवर फिरत असतो, आणि मग मैत्रिणींना सांगत सुटतेस, माझ्या आजीचं इंग्रजी लई मजेदार आहे. अशी नात असते का? मजेदार आहे, कोण नाही म्हणतं? पण ते खरं कसं निघालं, ते एकदा नीट ऐकून घे.

या दिवाळीला तुझे आईबाप घाटंजीला आले. तू आली नव्हतीस, तुझी परीक्षा होती. फराळ झाल्यावर तुझा बाप घरभर फिरला. भिंतीला हात लावून पाहिला, कौलांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आई, हे घर आता बंद कर. पुण्याला शिफ्ट हो." पुण्याला गेल्यापासून त्याचं 'मले' जाऊन 'मला' आलं, ते मी माफ केलं. पण 'चल'चं 'शिफ्ट हो' झालं, ते नाही. कपाट शिफ्ट होते, माणूस कसा होईन?

मी नाही म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तो तुझ्या आईला हळूच म्हणाला, "वी विल लुक आफ्टर हर."

या दोघांना वाटतं, इंग्रजी म्हणजे मधात पडदा आहे, पलीकडचं काही दिसत नाही. अरे, मी चौथी शिकलेली असेन, पण बीपीच्या गोळ्यांसोबत इतकी वर्षं इंग्रजीच गिळून राह्यली. मेडिकलवाला दर वेळी ओरडतो, "आफ्टर फूड, मावशी." म्हणजे जेवणानंतर. 'लुक' तर बसस्टँडसमोरच्या ब्यूटी पार्लरच्या पाटीवरच आहे, म्हणजे पाहणं. आणि 'हर' म्हणजे मीच, दुसरी कोण होती घरात? जोडून पाहिलं. हिला नंतर पाहू.

मी त्याच्या ताटात दुसरा अनारसा वाढला नाही.

"आई, चिडलीस का?"

"कायले चिडू? तुम्ही नंतर पाहणारच हाय ना मले."

त्याला काही उमगलं नाही. ते गेल्यावर मी तुला फोन केला, तर तू हसता हसता खोकायला लागलीस. "आजी, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं. दोन शब्द एकत्र आले की त्यांचा अर्थ बदलतो." मी विश्वास ठेवला. म्हटलं, असेल. लग्न झालं की माणसं माहेरचं विसरतात, तसे शब्दही विसरत असतील. तेही पुण्याला शिफ्ट होत असतील.

मग काळजी घेणं सुरू झालं. आधी कुरिअरनं एक कॅमेरा आला. वायरमननं तो समोरच्या खोलीत उंचावर बसवला, बुद्धाच्या तसबिरीशेजारी. एका बाजूला ते मिटलेले शांत डोळे, आणि दुसऱ्या बाजूला हा, कधीच न मिटणारा. तुझा बाप फोनवर म्हणाला, "आता तू एकटी नाहीस." खरंच नव्हते. रोज संध्याकाळी हिशेब लागायचा. आई, दुपारी दार उघडं का होतं? ती बाई एवढा वेळ काय बोलत होती? पंखा चालू ठेवून कुठे गेलीस? माझी सासू जाऊन किती वर्षं झाली, वाटलं, ती परत आली. फक्त ही चहा मागत नव्हती, एवढाच फरक.

बरं, त्या कॅमेऱ्याचेही लाड. लाइट जाऊन आली की त्याचा दिवा तांबडा होणार. मग बटण दाब, इंटरनेटची डबी बंद कर, परत चालू कर. मला सांभाळायला आलेला तो, आणि सांभाळत होते मी.

थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी फोन आला, "आई, चित्र धूसर येतंय. काचेवर कोळ्याचं जाळं असेल. जरा पुस ना." मी स्टुलावर चढले. पदराच्या टोकानं काच अशी लख्ख पुसली की त्यानंतर मी पडले, ते त्याला एकदम साफ दिसलं असेल.

स्टूल हललं, मी खाली, उजवा हात अंगाखाली. मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बापू, पडली मी," मी त्याला सांगितलंही. त्यानं निळा दिवा लुकलुकवला.

किती वेळ गेला, कोण जाणे. शेजारीण वाटी घेऊन विरजण मागायला आली. वयानं माझ्याहून लहान, तोंडानं मोठी.

"मावशी, खाली काहून बसून राह्यल्या?"

"बसली नाई, पडली."

"मंग उठत काहून नाई?"

"मी उठतो म्हणतो, हात सोबत येत नाई."

तिनं वाटी ठेवली, माझ्या काखेत हात घातला आणि वर पाहिलं. "अन् तुमचा पोरगा त्याच्यातून पाहून राह्यला काय?"

"पाहत असन."

"मंग उतर म्हणा ना खाली. एक बाजू धराले होते."

तिच्या नवऱ्याच्या ऑटोतून दवाखान्यात गेलो. मनगट मोडलं होतं, प्लास्टर झालं. दिवेलागणीला घरी येऊन आम्ही दोघी चहा पीत बसलो, तर भिंतच बोलायला लागली. त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या बशीतला चहा लुगड्यावर.

"आई, आई, काय झालं? मी आत्ता रेकॉर्डिंग पाहिलं."

"कधीचं?"

"सकाळचं. मोबाइलवर सूचना आली होती, पण मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, नंतर पाहू."

ऐकलंस? माझ्या तोंडचे शब्द नाहीत, तुझ्या बापाच्या तोंडचे आहेत. मी भिंतीला म्हणाले, "बापू, तुह्या पोरीले सांग, आजीनं अर्थ बरोबर लावला होता."

खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी तो ट्रॅव्हल्सनं येऊन हजर झाला. डोळे सुजलेले. प्लास्टरमधून बाहेर आलेली माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली, दुखते का, दुखते का. मग उठला आणि माळ्यावरची बॅग काढून माझी लुगडी भरायला लागला. "आता मी ऐकणार नाही, आई." एका मनगटापायी घराला कुलूप लागत होतं, आणि नाही तरी कशाच्या जोरावर म्हणू? पडले तर होतेच.

तेवढ्यात शेजारीण फणी घेऊन आली. एका हातानं मला अंबाडा घालता येत नव्हता. ती मागे बसून माझे केस विंचरायला लागली. तुझा बाप तिला मोठ्या अदबीनं म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार केलंत. आता तिकडे आम्ही लुक आफ्टर करू."

तिच्या दातांत अंबाड्याचे आकडे होते. तशीच बोलली, "तिकडं दिवसभर घरी कोण राह्यते, भाऊ?"

"आम्ही दोघं ऑफिसला असतो, मुलगी कॉलेजला. पण कॅमेरे आहेत ना घरात."

तिनं आकडे तोंडातून काढले. "मंग हाही कॅमेरा घेऊन जा पुण्याले. मावशीले राहू द्या."

त्यानं हातातलं लुगडं खाली ठेवलं. मग तेच स्टूल ओढून चढला. मी म्हटलं, "हलते बरं ते." तर शेजारणीनं उठून स्टूल धरलं, आणि त्यानं कॅमेरा काढला. बॅगेतली लुगडी बाहेर आली, कॅमेरा आत गेला. लुगड्यांच्या घड्या साऱ्या चुकल्या होत्या.

निघताना म्हणाला, "पुढल्या महिन्यात येतो. मीच येतो. पण आई, प्लास्टर निघाल्यावर तरी चलशीन ना?"

चलशीन म्हणाला, बरं का. चलशील नाही.

मी म्हटलं, "पाहू."

आपल्याकडे 'पाहू' म्हणजे काय, ते त्याला सांगावं लागलं नाही. लहानपणी सायकल मागितली की त्याचा बाप हेच म्हणायचा. तो हसला, माझ्या पायाला हात लावला आणि ऑटोत बसला.

आता बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या आहेत. शेजारीण, जी हे पत्रही मी सांगते तसं लिहून देते, तीच शेंगा सोलून देते, पण ती बोलत बोलत अर्धे सोले कच्चेच खाऊन टाकते. तुझी परीक्षा तर कधीच संपली. दोन दिवस काढ आणि ये. भाजी तू कर, मी बसल्या जागेवरून तिखट-मीठ सांगते. शेंगा वाळायच्या आत ये, माय.