सदस्या समाधानी आहेत

मी एकेकाळी सरकारी समितीवर होते, हे माझ्या सुनेला अजून खरं वाटत नाही. तिला वाटतं, सासूबाई बचत गटाचंच काहीतरी वाढवून सांगतात. पण होते मी. शहरातल्या सरकारी रेडिओ केंद्रावर काय चाललंय, कसं चाललंय, हे बघायला दहा-बारा ऐकणारे नेमले होते. वर्षातून दोन बैठका. त्यात ‘ग्रामीण महिला’ म्हणून मी.

हे घडलं माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांना मी मामा म्हणायची. मामांचा जन्म गेला मेंढरांमागं. दिवाळी सरली की कळप घेऊन घाट उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर वाडीला परत यायचं. खांद्यावर घोंगडी, गळ्यात रेडिओ. रोज संध्याकाळी आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. दोघं जण पारावर बसल्यासारखे गप्पा मारायचे, एक ठसक्यात बोलायचा आणि दुसरा त्याला चिमटे काढायचा. मामा सांगायचे, “कोकनात कुनी वळखीचं नसायचं. पर रेडिओत जुन्नर, आंबेगाव आसं कानावर आलं की भाकर ग्वाड लागायची.”

पुढं त्यांचे गुडघे गेले, मेंढरं विकली. मामा ओट्यावर बसले, रेडिओ मात्र जवळच राहिला. मी तिन्हीसांजेला उसाच्या कडेनं गवत आणायला निघाले की तो माझ्या हातात द्यायचे. “मोठ्यानं लाव. बिबट्याला बी कळू दे कांद्यावर काय रोग पडलाय त्ये.” मी परत येईपर्यंत त्यांचा जीव खालीवर. माझ्यासाठी किती आणि रेडिओसाठी किती, हे मी कधी विचारलं नाही.

मामांना लिहिता येत नव्हतं, पण बोलायला कमी नव्हते. कार्यक्रमात कुणी साहेब मेंढ्यांबद्दल काही चुकीचं बोलला की लगेच हाक यायची, “सूनबाई, कार्ड आन.” ते सांगायचे, मी लिहायची. खाली त्यांचं नाव आणि कोपऱ्यात ‘लिहिणार, सूनबाई’. ती पत्रं रेडिओवर वाचली जायची. एकदा तो ठसक्यातला म्हणाला, “पत्रातली शिवी आमी गिळली, पर सूनबाईंचं अक्षर झ्याक!” मी चुलीपुढं होते. तव्यावरची भाकरी करपली, आणि मला इतका आनंद झाला होता की लग्नातही झाला नसेल. समितीवर बाई हवी म्हटल्यावर रेडिओ केंद्रातल्या लोकांना ती सूनबाईच आठवली.

पहिल्या बैठकीचं पत्र आलं, त्यात एक विषय होता: आपला कार्यक्रम बंद करून सगळ्या जिल्ह्यांचा मिळून एकच लावायचा, दुसऱ्या केंद्रावरून. मामा म्हणाले, “येवढं वाचीव. बाकीचं गेलं उडत. आन पावन्याच्या घरी रिकाम्या हाती जाऊ नको.” म्हणून मी आदल्या दिवशी ओझरला जाऊन आले, विघ्नहरापुढं किलोभर पेढे ठेवले आणि तेच नारायणगावच्या एसटीत मांडीवर घेऊन शहरात गेले.

भलंमोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, खुर्च्या इतक्या मऊ की मी सारखी पुढं सरकून बसत होते. आधी सगळ्यांना पेढे वाटले. साहेब लोक खूश. कुणी मला देवस्थानाचं विचारलं, कुणी टोमॅटोचं. मग अध्यक्ष म्हणाले, “ताई, कार्यक्रमांबद्दल तुमचं काय म्हणणं?” सगळ्यांच्या तोंडात माझा पेढा आणि सगळे माझ्याकडं मायेनं बघतायत. सोयरिकीच्या घरी भाजीत मीठ जास्त झालंय असं कोण सांगतं? मी म्हणाले, “सगळं छान चाललंय.”

मामा ओट्यावर वाट बघत होते. “बोललीस?” “बोलले,” मी म्हणाले आणि घागर घेऊन सटकले.

महिन्याभरानं बैठकीचं इतिवृत्त टपालानं आलं. मामांनी ते मोठ्यानं वाचायला लावलं. लपवणार कुठं? वाचलं: “ग्रामीण महिला सदस्या कार्यक्रमांबाबत समाधानी आहेत. प्रस्तावास त्यांची हरकत नाही. अंतिम निर्णय पुढील बैठकीत.”

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “पोरी, तुजं समाधान झालं. माजं इचारलं व्हतंस का?” त्या संध्याकाळी कार्यक्रमाची वेळ झाली, पण त्यांनी रेडिओ लावला नाही. मी आत पीठ मळत होते. मला रडू आवरेना. समितीवर मला त्यांच्या पत्रांनी नेलं होतं आणि मी तिथं त्यांनाच विसरून आले होते.

पुढच्या बैठकीला निघताना मी पेढ्यांचं विचारलं. मामा भडकले. “काय बी न्हेऊ नको! पेढं वाटून कुनाला भांडता येतं व्हय?”

बैठकीचा पहिला विषय नेहमी एकच, मागचं इतिवृत्त कायम करणं. चहा ढवळता ढवळता सगळे ‘मंजूर’ म्हणतात आणि पुढं जातात. मी हात वर केला. कुणी बघेना, म्हणून दुसऱ्या हातानं कोपर धरून आणखी वर केला.

“मला ते समाधानी नको.”

एक साहेब गोड हसून म्हणाले, “ताई, हे तुम्हीच म्हणाला होतात.”

“म्हणाले होते. खोटं म्हणाले होते.”

सगळे हसले. मग मी मामांचं सांगितलं. घाट, कोकण, भाकर, सगळं. मध्येच माझी भाषा घरची झाली आणि मी ती होऊ दिली. अध्यक्षांनी ते वाक्य खोडायला लावलं. कोपऱ्यातले एक प्राध्यापक म्हणाले, “माझीही हरकत लिहा.” मग आणखी दोघं म्हणाले. कार्यक्रम राहिला.

नवं इतिवृत्त मी मामांना तीनदा वाचून दाखवलं. “सदस्या समाधानी नाहीत.” चौथ्यांदा वाचायला लागले तर म्हणाले, “बास. आता आन पेढं.”

मामा गेले. त्यांच्यामागं कार्यक्रम काही वर्षं चालला. आमच्या समितीची मुदत संपली, नवी नेमल्याचं कधी कानावर आलं नाही. गेल्या वर्षी एका संध्याकाळी भाजी निवडताना रेडिओ लावला, तर भलताच आवाज. गोड, शुद्ध, कुठल्याच गावचा नसलेला. जुन्नर नाही, आंबेगाव नाही. कुणी ठरवलं, कुठल्या टेबलावर, कुणाला विचारलं, काही पत्ता नाही. हात वर करायचा तर कुणापुढं?

सुनेला म्हटलं, कार्ड आण. ती म्हणाली, “आत्या, आता कार्ड कोन लिहितं?” पण वारूळवाडीला गेली होती तेव्हा तिथल्या पोस्टातून आठवणीनं आणलं तिनं. दुपारभर ते पुढ्यात घेऊन बसले. सांगणारं कुणी नव्हतं. शेवटी लिहिलं: मी समाधानी नाही. सवयीनं कोपऱ्यात ‘लिहिणार’ एवढं लिहून गेले, ते खोडलं आणि खाली पहिल्यांदाच माझं नाव घातलं.