बद्रुद्दीनची पाव पुडी

औंढ्यात सगळ्यात कंजूष कोण, असं विचारलं तर शेंबडं पोरही बद्रुद्दीनच्या खोलीकडे बोट दाखवायचं. बिचाऱ्यानं कुणाचं काही बुडवलं नव्हतं. दारी आलेल्याला पान दिल्याशिवाय तो उठू देत नसे. पण औषध देताना याचा हात आखडतो, अशी त्याची ख्याती झाली होती, आणि आमच्या गावात ख्याती एकदा चिकटली की मयतीपर्यंत सुटत नाही.

लोणावळ्याच्या रेल्वे दवाखान्यात तो वीस वर्षं कंपाउंडर होता. नोकरी संपल्यावर गावी आला आणि अंबाजी मुकादमांच्या पडवीलगतच्या खोलीत राहू लागला. अंबाजी मुकादम म्हणजे माझे आजोबा. रेल्वेच्या गँगवर त्यांचा हुकूम चालायचा आणि त्यांच्यावर माझ्या आजीचा, सरुबाईचा.

इन्फ्लुएंझाची साथ ओसरली त्याच्या पुढच्याच भादव्यात हिवतापानं गाव आडवं पाडलं. क्विनाईनच्या पुड्या लोणावळ्याच्या पोस्टात मिळायच्या. पुडी असायची मोठ्या माणसाच्या मापाची, आणि तिच्यावरचं छापील कुणाला वाचता येत नसे, म्हणून लोक ती घेऊन बद्रुद्दीनकडे यायचे. तो डॉक्टरांनी वहीत उतरवून दिलेला तक्ता काढायचा, पोराचं वय विचारायचा, पुडी काचेच्या तुकड्यावर ओतायचा आणि वस्तऱ्याच्या पात्यानं तिचे सारखे ढीग पाडायचा. दोन-अडीच वर्षांच्या पोराला पाव पुडी. अंगावर पिणारं बाळ असेल तर तेवढीही नाही. त्याला तडक दवाखान्यात न्यायला लावायचा. आईबाप तोंड वाकडं करून जायचे.

शिवाय त्याचा जाच निराळाच. पोराला मांडीवर बसतं धरायचं. नाक दाबायचं नाही. रडत्या पोराच्या तोंडात काही ओतायचं नाही, आधी गप होऊ द्यायचं. मग चमच्यानं गालाच्या आतल्या अंगाला थोडं थोडं सोडायचं. ओकलं तर लगेच दुसरं कोंबायचं नाही, येऊन विचारायचं. आता आमच्याकडे पोराला औषध पाजायची रीत अशी, की एकानं हात धरायचे, दुसऱ्यानं पाय, तिसऱ्यानं नाक दाबायचं आणि चौथ्यानं घशात ओतायचं. बद्रुद्दीननं यातल्या तिघांना बेकार केलं, त्याचाही राग गावाला होताच.

अशात मी तापानं फणफणलो. मी अडीच वर्षांचा होतो. अकरा वर्षांनी घरात पाळणा हललेला, त्यामुळे आजीच्या जिवाचं पाणी झालं. बद्रुद्दीननं शिरस्त्याप्रमाणे वही काढली आणि म्हणाला, "पाव."

आजी खवळली. "पाव? त्या बजरंग गुराख्याच्या पोराला पाव आन् मुकादमाच्या नातवालाबी पाव? मग आमी मुकादम कशाचं रं?"

"बाई, तक्त्यात वय लिवलंय. हुद्दा न्हाई लिवला."

"मग तुजा तक्ता घाल चुलीत! पोस्टातनं चार पुड्या आणल्यात. चारी मीच घालते त्याच्या पोटात."

ही बाई बोलते ते करते, हे बद्रुद्दीनला ठाऊक होतं. त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "द्या हिकडं. चारीबी येकात घालून मुकादमाच्या घराला शोभंल अशी बांधून देतो." खोलीत जाऊन त्यानं पाव पुडी घेतली, तिच्यात मूठभर साखर कुटून मिसळली आणि लाल पतंगी कागदात एवढी मोठी पुडी बांधली की आजीला ती दोन हातांनी घ्यावी लागली. रोज आजीनं चार पुड्या द्यायच्या आणि त्यानं अशी एक बांधायची, ताप जाईपर्यंत. मी ती मिटक्या मारत खाल्ली म्हणतात. चौथ्या दिवशी माझा ताप उतरला, आणि पाचव्या दिवशी आजी विहिरीवर गेली.

विहिरीवर आजी काय बोलली असेल ते सांगायला नको. "आमच्या राजाला दिसाला चार पुड्या लागल्या, चार! घरच तसलं, पावानं काय हुतंय!" बायका माना डोलवत घरी गेल्या. त्यांत बयाबाई होती. तिचा नवरा कोंडाजी आजोबांच्याच गँगमध्ये होता, आणि तिची दीड वर्षांची मुक्ता त्याच दिवशी तापली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाबाई बद्रुद्दीनच्या दारात उभी. कडेवर मुक्ता आणि मुठीत चार पुड्या.

"भाऊ, ह्या चारी येकात घाला. त्या लाल कागदात बांधा, मुकादमाकडं दिलीत तशी."

बद्रुद्दीननं वस्तरा खाली ठेवला. "बये, येवढ्यानं पोर हातची जाईल. हिला पावबी जास्ती हाय."

"व्हय? मुकादमाच्या नातवाला चार आन् माज्या लेकीला पावबी न्हाई?"

"अगं, त्यात साखर व्हती! क्विनाईन पावच व्हतं!"

"गरिबाला बरं असं काईबाई सांगता! न्हाई तर न्हाई, मी घरी जाऊन देते." पुड्या तशाच मुठीत घेऊन ती तरातरा निघाली.

बद्रुद्दीननं दारातनं हाका मारल्या, पण ती थांबली नाही. माझा जीव वाचवायला बोललेलं त्याचं खोटं आता त्या पोरीच्या घशात उतरायला निघालं होतं. त्याच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. किंमत होती ती आजीच्या शब्दाला. तो अनवाणीच आमच्या अंगणात आला आणि आजीपुढे हात जोडून त्यानं सगळं सांगून टाकलं.

आजी तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला आपटलं. "साखर खिलवलीस? माज्या नातवाला? आन् मी साऱ्या गावाला चार सांगत सुटले!"

"मला खोलीतनं काडा. गावातनं काडा. पर आदी बयाबाईकडं चला. ती चार देतीया."

आजीचं नाक गावात किती वर होतं, ते मला पुढं कळलं. म्हणून तिनं त्या घटकेला काय केलं याचं मला आजही नवल वाटतं. तिनं मला उचलून कडेवर घेतलं, पदर खोचला आणि बयाबाईच्या दारी गेली. पाठोपाठ बद्रुद्दीन. आत शेजारणी जमल्या होत्या, रीतीप्रमाणे हात, पाय आणि नाक वाटून घेतलेलं होतं, आणि बयाबाई चारी पुड्या वाटीत कालवत होती.

"बये, ठेव ती वाटी," आजी म्हणाली. मग एवढ्या बायकांत, मान खाली न घालता म्हणाली, "माज्या राजानं पावच खाल्लीया. बाकी साखर व्हती. मी उगाच मिरवलं."

बयाबाईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाटी खाली ठेवून ती हुंदके देऊन रडू लागली. बद्रुद्दीननं मुक्ताला तिच्या मांडीवर बसतं केलं, वही काढली आणि तक्त्यातल्या मापाचं औषध चमच्यानं हळूहळू दिलं. मुक्ता वाचली. आज तिला नातवंडं आहेत.

आजीनं महिनाभर बद्रुद्दीनशी अबोला धरला, पण खोली काही सोडायला लावली नाही. गावानं मात्र आपल्या पद्धतीनं धडा घेतला. मुकादमाघरी पाव पुडी चालते म्हटल्यावर पाव पुडी एकदम खानदानी झाली. धडधाकट बाप्ये तापानं कुडकुडत यायचे आणि छाती काढून सांगायचे, "आमालाबी पावच द्या." त्यांच्या गळी अख्खी उतरवताना बद्रुद्दीन रडकुंडीला यायचा.

दोन वर्षांनी आजीच तापली. बद्रुद्दीन अख्खी पुडी घेऊन खाटेजवळ आला.

"अख्खी? मी काय गँगवाल्याच्या घरची हाय?" आजी कण्हत म्हणाली. "मला पाव दे."

पाव पुडीच्या आकाराचा कागद बांधून आत अख्खी घालणं त्याला सोपं होतं. त्यानं तसं केलं नाही. "बाई," तो म्हणाला, "त्या दिशी तुमी चारचौघीत खरं बोलला म्हणून ती पोर जगली. आज मीबी खरं बोलतो. तुमाला अख्खी लागंल."

आजी कोपरावर रेलून उठून बसली. मग तिनं तोंड उघडलं. औषध घशाखाली गेलं तशी तिची मुद्रा पार कडवट झाली.

"साखर न्हाई व्हय रं घातलीस?"

"न्हाई बाई," बद्रुद्दीन पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाला. "आता न्हाई."