काळ्या टेपची कॅप

मागच्या महिन्यात भंडाऱ्यात आमच्या गल्लीतून एकाची मोटरसायकल चोरीला गेली. तेव्हापासून सगळी गल्ली शहाणी झाली आहे. कोणी चाकाला डिस्क लॉक लावतो, कोणी गाडीला कव्हर घालून वरून दोरी बांधतो. समोरच्यांनी कॅमेरा बसवला, त्यात दिवसभर कुत्रीच दिसतात. मीही अलार्म लावून घेतला. सीटवर मांजर बसलं तरी तो असा कोकलतो की विचारू नका. शेजारी हसतात. म्हणतात, "या खटाऱ्याले कोण चोर हात लावते हो?" माझी तळपायाची आग मस्तकात जाते. खटारा असेल तुमच्या घरी. ही माझ्या बाबांची गाडी आहे.

एकोडीला आमची धानाची शेती. बाबांनी म्हाताऱ्या बैलांची जोडी विकली आणि ही गाडी घेतली. बैलांच्या कोठ्याचं दार अरुंद, गाडीचं हँडल काही आत जाईना. मग ती अंगणातच उभी राहू लागली, बैलांच्या खुंट्याला, बैलांच्याच साखळीने बांधलेली. आई म्हणायची, "तनीस टाकू का तिच्यापुढं?" बाबा आईकडे न बघता साखळीला आणखी एक वेढा घालायचे.

पण बाबांचा खरा भरवसा साखळीवर नव्हता, आणि कुलपावर तर नव्हताच. ते कुलूप इतकं झिजलं होतं की आईच्या पेटीच्या चावीनेही गाडी सुरू व्हायची. बाबांचा भरवसा होता प्लगच्या कॅपवर. इंजिनाला प्लग असतो, त्यावर बोटाएवढी रबरी टोपी बसते. ती ओढून काढली की किक मारून मारून पाय मोडला तरी गाडी ढिम्म. बाबा जिथे गाडी लावायचे तिथे आधी ती कॅप काढायचे. काढून काढून ती फाटली, तेव्हा तिला काळी टेप गुंडाळली. मी म्हणायचो, "बाबा, चोराले दुकानात कॅप भेटत नाही का?"

"भेटते ना. पण चोर घाईत असते. दुकान उघडायची वाट पाहत नाही तो."



शेतावर गेलं की गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली उभी राहायची. खाली धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल, तिथे कॅप खिशात ठेवली तर हरवणार. म्हणून बाबा ती पाळीवर जाळी विणत बसणाऱ्या एका काकांजवळ द्यायचे. हे काका तलावात मासे धरायचे. दोघांचं बोलणं फारसं नसायचंच. बाबा हात पुढे करायचे, काका कॅप घेऊन कमरेच्या पिशवीत टाकायचे. संध्याकाळी काका हात पुढे करायचे, बाबा कॅप घ्यायचे. कधी सोबत पानात बांधलेले मूठभर झिंगे. नवा तांदूळ घरात आला की पहिली पायली काकांकडे जायची. मला हा सगळा म्हाताऱ्यांचा पोरखेळ वाटायचा.

एका वर्षी धानाचा रोवणा सुरू असताना बाबा बांधीतच छातीला हात लावून बसले. कोणाच्या तरी पिकअपमध्ये घालून त्यांना आधी साकोलीला नेलं, तिथून भंडाऱ्याच्या दवाखान्यात. जीव वाचला. पण नंतर त्यांनी भिंतीकडे जे तोंड फिरवलं, ते फिरवलंच. जेवत नव्हते, बोलत नव्हते, उठून बसा म्हटलं तर डोळे मिटायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना चालवा. हे असेच पडून राहिले तर पुढे माझ्या हातात काही नाही." मी विनवण्या केल्या, चिडलो, आईनेही रागावून पाहिलं. बाबा आपले भिंतीकडे. चौथ्या दिवशी त्यांनी एकच शब्द काढला, "गाडी?"

 गाडी पाळीवरच राहिली होती, चार दिवस, उघड्यावर. मी बिनदिक्कत खोटं बोललो, "घरी आणली ना."

"कॅप दाखव."

आता आली का पंचाईत! मी तसाच एकोडीला गेलो. कारध्याच्या पुलावरून जाताना मनात एकच, गाडी गेली असेल तर बाबांना काय तोंड दाखवू. पाळीवर पोचलो तर मोहाखाली काहीच नाही.  तेवढ्यात काकांनी आवाज दिला, "इकडं या, इकडं." त्यांच्या झोपडीच्या पडवीत गाडी उभी होती. वर जुनं जाळं पांघरलेलं, चाकाखाली दगड लावलेले. मला रडू यायचंच बाकी होतं. म्हटलं, "काका, उपकार झाले. कॅप द्या."

"नाही देत."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"भाऊनं सांगतलं हाय, माहा पोरगा मांगन आला तरी देजो नोको. तो गाडी चालवत नाही, उडवते. ज्यानं देल्ली त्याच्याच हातात देईन मी."

"अहो, ते दवाखान्यात आहेत!"

"मंग बरे झाले की येऊ द्या. मी कोठं चाललो?"

मी त्यांना काय काय बोललो, ते इथे लिहीत नाही. काका खाली मान घालून जाळं विणत राहिले. शेवटी मी तणतणत निघालो, साकोलीच्या दुकानातून नवी कॅप घेतली, तिला काळी टेपही गुंडाळली आणि दवाखान्यात बाबांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत फिरवली, नाकाजवळ नेली.

"हे आपली नोहे."

शरमेने माझा चेहरा उतरला. मी खरं काय ते सांगून टाकलं. गाडी सुखरूप आहे, पण काका कॅप देत नाहीत, तुमच्याच हातात देईन म्हणतात.  बाबा म्हणाले, "देत नाही म्हणते? माही कॅप, आन् मलेच बलावते?" आणि माझ्या खांद्याला धरून त्यांनी पाय खाली सोडले. त्या दिवशी दारापर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या टोकापर्यंत. आई पदराने डोळे पुसत होती आणि काकांना शिव्याही देत होती, दोन्ही एकदमच.

महिन्याभराने मी बाबांना पाळीवर नेलं. काकांनी हात पुढे केला, बाबांनी कॅप घेतली, स्वतः वाकून प्लगवर बसवली. पण किक मारायला पायात जोर नव्हता. मग त्यांनी चावी माझ्याकडे दिली आणि मागे बसले. मी जन्मात इतकी हळू गाडी चालवली नसेल. खड्डा आला की थांबून उतरवत होतो.  बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता.

त्यानंतर दोन पावसाळे ते स्वतः शेतावर गेले. मग मीच आईबाबांना भंडाऱ्याला आणलं. गाडी एकोडीला अंगणात, खुंट्याला. निघायच्या दिवशी बाबा काठी टेकत पाळीवर जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, "काम होतं." पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

तेरवी आटोपल्यावर मी गाडी आणायला एकोडीला गेलो. प्लग उघडा होता. कॅप कुठे असणार, ते सांगायला कोणी लागत नव्हतं. मी नवी कॅप खिशात घेऊनच पाळीवर गेलो. मागचा अनुभव होता ना! आणि आता तर ज्याने दिली त्याच्या हातात द्यायची सोयच उरली नव्हती. काकांची नजर खूप मंदावली होती. मी मोहाखाली उभा राहिलो. मागायचं धाडसच होईना.

त्यांनीच कमरेची पिशवी सोडली आणि हात पुढे केला. तीच कॅप, तीच टेप.

मी म्हटलं, "काका, मला द्यायची नाही ना?"

"तवा नोको म्हणला होता. जाताना सांगून गेला, आता पोरगा आला तं देजो." मग पिशवी पुन्हा कमरेला बांधत म्हणाले, "म्हणे, आता तो हळू चालवते."