देऊन परत मागणारे मामा

माझ्या मामेसासऱ्यांइतका देऊन परत मागणारा माणूस ढोकीच्या पंचक्रोशीतच काय, अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. शेजारी कार्याला भांडी न्यायला आला, तर मामा आधी एक तांब्या द्यायचे, तो घरी पोचतो न पोचतो तोच परत मागायचे, आणि कुरकुर न होता तांब्या आला तरच मोठं पातेलं निघायचं. लेकीचं स्थळ बघायला सोलापूरला गेले, तेव्हा आपली ओली छत्री तिथं मुद्दाम विसरून आले. दुसऱ्या दिवशी ती वाळवून, घडी घालून घरपोच आली, तेव्हा कुठं त्यांनी होकार कळवला. "घेताना समदेच हसून घेत्यात, पाव्हणं. माणूस कळतो त्यो परत मागितल्यावर," असं ते मला सांगत.

अशा माणसापुढं मी डेटाबेसचा विषय काढायला नको होता. ऊसतोड कुणाच्या शेतात कधी, ट्रॅक्टर कुणाकडं कधी, हे मोबाईलवर दिसावं म्हणून मी एक ॲप करत होतो. त्यातल्या साऱ्या नोंदी क्लाउडवर एखाद्या कंपनीकडं सांभाळायला द्यायच्या होत्या. त्या गेल्या असत्या, तर तोडलेला ऊस फडात वाळत पडला असता आणि मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी आपला कोणाचा वेग किती, हे ताडून बघत होतो. मामा अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, "पळतंय किती ते ऱ्हाऊ द्या. परत देतंय का?"

त्यांच्या हट्टापायी दोन कंपन्यांकडं खोट्या नोंदी ठेवल्या, पुसल्या आणि परत मागितल्या. माझ्या आवडत्या कंपनीनं दिवसभर 'आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे' एवढंच कळवलं. दुसरीकडून मामांचा चहा निवायच्या आत सगळं जसंच्या तसं आलं. "ही छत्री वाळवून देणारी हाय," मामा म्हणाले, आणि सोयरीक जमली.

ऐन हंगामात जुन्या नोंदी काढून टाकताना माझ्या हातून चालू नोंदीच पुसल्या गेल्या. मी लगेच त्या कंपनीकडं परत मागितल्या. ट्रॅक्टर फडावर पोचायच्या आत त्या परत आल्या आणि कुणाचीच पाळी चुकली नाही. मी धावत जाऊन मामांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "माझ्या न्हाय, छत्रीच्या पडा."

गुडघ्यांपायी ते आता सोलापूरला, त्याच छत्रीच्या घरी, लेकीकडं राहायला गेलेत. निघताना त्यांनी अडकित्ता माझ्या हातात ठेवला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." मी तो पुसून, फडक्यात गुंडाळून तयार ठेवलाय. त्यांचा फोन आला की वाटतं, आता मागतील. पावसाचं विचारतात, उसाचं विचारतात, लई दिवस झालं आला न्हाईत म्हणतात.

अडकित्ता मात्र अजून मागितलेला नाही.