वहीत लिहून ठेवलेला नंबर

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत जाते, वडील गवंड्याच्या हाताखाली असतात. लिहिणं हे आपलं काम नव्हे असं घरात सगळ्यांना वाटतं, मलाही वाटतं. त्यात लढाईबद्दल लिहायचा मला काय हक्क? मी लढाई बघितलेली नाही. मी कॉलेजच्या कॅडेट पथकात होतो आणि माझ्याकडे एक वही होती, एवढंच.

सीमेवर लढाई सुरू झाली त्या आठवड्यात आमच्या उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या हवालदारांनी, प्रत्येकाला स्वतःची एक वही ठेवायला सांगितली. रोज आपण काय केलं ते लिहायचं आणि शनिवारी दाखवायचं. पहिल्या पानावर मी त्यांनी दिलेल्या सूचना उतरवून घेतल्या. सायरन झाला की दिवे घालवा. अफवा पसरवू नका. अनोळखी नंबरचा फोन उचलू नका. त्या दिवशी खाकी न उतरवताच मी गल्लीत घरोघर जाऊन हे सांगितलं. कट्ट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "आलं बघा आमचं कर्नल. च्या पिऊन मग जा रं लढाईला." सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं.

समोरच्या घरात आक्का राहते. तिचा एकुलता मुलगा सैन्यात. मी त्याला अण्णा म्हणतो. माझ्या पायात परेडला असायचे ते बूट त्याचेच जुने, एक नंबर मोठे. पुढं कापूस कोंबून मी ते घालत होतो.

आक्काला वाचता येत नाही. म्हणून अण्णानं सुट्टीवरून परत जाताना तिच्या बटणांच्या फोनवर स्वतःच्या नंबराला हलगीची धून लावून दिली होती. हलगी वाजली की पोरगा, साधी घंटी वाजली की दुसरं कोणीतरी. लढाई लागल्यापासून हलगी वाजली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी आक्का वाजणारा फोन तसाच हातात धरून आमच्या दारात आली. "घंटी हाय. उचलू का रं?" मी नंबर बघितला, ओळखीचा नव्हता. फोन तिच्या हातातून घेऊन मी कट केला. संध्याकाळी परत तोच नंबर, परत कट. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिसऱ्यांदा आली. कुणाला तरी गरज असंल, म्हणाली. मी म्हणालो, "आक्का, मिलिट्रीवाल्यांच्या घरच्यांनाच असं फोन करून फसवत्यात." हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता मी ते रचलं. तिनं वाजणारा फोन माझ्या हातात दिला, मी कट केला. खाकीतलं माणूस खोटं बोलत नाही, असं ती तिच्या मुलावरून धरून चालली असावी. त्या नंबरचा फोन परत येऊच नये, असंही मी बटणं दाबून करून दिलं.

तिच्यासमोरच वहीत लिहिलं : संशयित नंबर. तीन वेळा आला. कुटुंबाला सावध केलं. खाली तो नंबर. शनिवारी उस्तादांनी त्या ओळीखाली लाल पेनानं सही केली आणि पाठ थोपटली. ते पान मी वर्गातल्या चौघा-पाचजणांना दाखवलं.

लढाई थांबली. बाजारपेठेत फटाके उडाले. आक्का फोन मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसायची. हलगी काही वाजत नव्हती. मी मागच्या बोळातून ये-जा करायला लागलो. का, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

मग एका सकाळी शेजारच्या गावचा एक माणूस मोटारसायकलवरून आला. त्याचा मुलगा अण्णाच्याच पलटणीत. त्यानं सांगितलं की अण्णा मिलिट्रीच्या दवाखान्यात आहे. त्याचा फोन जळून गेला. पाठ होता तो फक्त आईचा नंबर, आणि दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर घरचं कोणी उचलत नाही म्हणतो.

आक्का आमच्या दारात आली. आवाज चढवला नाही. "नंबर तुझ्या वहीत हाय न्हवं? काढ."

मी वही आणली. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. हिंदीत कोणीतरी थांबा म्हणालं. आक्कानं फोन दोन्ही हातांनी धरला होता, आवाज मोठा केलेला, त्यामुळं मलाही सगळं ऐकू आलं.

"आई, मी बोलतोय. बरा हाय आता. डावा पाय काढला, गुडघ्याखाली. काढायच्या आधी तुझ्यासंगं बोलावं म्हणून लावत हुतो. तीनदा कट झाला. डॉक्टर म्हणालं, अजून एकदा लाव. मग लागलाच न्हाय."