दोराच्या पलीकडे आक्का

“कापसाले काई पटकी होत नाई, बाप्पा. उचला दोर.”

असं बाबा भगताला म्हणाले आणि दोघा गड्यांनी लांब बांबूंनी शिवेवरचा दोर वर उचलला. दोराला कडुलिंबाचे डहाळे लटकवलेले होते. त्याखालून एकामागून एक गाड्या निघाल्या. पोती इतकी उंच रचलेली होती की एक डहाळा घासून खाली पडला. भगताने तो कपाळाला लावून पुन्हा दोरात खोचला. गाड्या अमरावतीच्या वाटेला लागल्या, बांबू खाली आले आणि दोर पुन्हा कमरेइतका झाला.

मी फडक्यात बांधलेल्या घुगऱ्या पदराखाली धरून बाजूला उभी होते. दोराच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, खोपटात माझी थोरली बहीण आक्का बसली होती. पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. गावाचे पाटील म्हणजे आमचेच बाबा, आणि तिला आत घ्यायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं.

आक्का आज तिच्या घरी सुखरूप आहे, तिचा लेक भिंत धरून चालतो. म्हणून मी हे रागाने लिहू शकते. नाहीतर लिहिलंच नसतं.

त्या चैतात आसपासच्या गावांत पटकीची साथ आली. सकाळी धडधाकट शेतात गेलेल्या माणसाला दिवस मावळायच्या आत खांद्यावरून न्यावं लागे. मग आमच्या गावाने जे पिढ्यान् पिढ्या केलं तेच केलं. गाव बांधलं. भगताने दुधाची धार धरत शिवेभोवती फेरी घातली, वाटांवर दोर ताणले, पटकीची देवी मरीमाय, तिचा लाकडी गाडा ओढत नेऊन पुढच्या गावाच्या शिवेवर सोडला. पुढच्या गावाने त्याचं काय करायचं ते त्यांनी पाहावं. त्यानंतर बाहेरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहेर नाही. किती दिवस, हे कोणालाच माहीत नव्हतं. भगताला विचारलं की तो म्हणे, “मायच्या मनात येईन तवा.”

आत राहणंही सोपं नव्हतं. जात्याची घरघर मायला सोसत नाही म्हणून घरोघरच्या जात्यांचे खुंटे काढून ठेवले होते. दळलेलं पीठ संपलं तशी आम्ही अख्खी ज्वारी शिजवून खाऊ लागलो. कढई चढवायची नाही, मुसळ उचलायचं नाही, मोठ्याने रडायचंसुद्धा नाही. शेजारच्या घरी म्हातारं माणूस वयाने गेलं, तरी बायका तोंडात पदर कोंबून बसल्या. रोज उठल्यावर पहिला विचार आपल्या पोटाचा येई. साधी कळ आली तरी पटकीच वाटे.

पण रेचे चालू होते. कापसातली सरकी काढायचा हा लाकडी चरक, त्याच्या दोन लाटा एकमेकींवर फिरतात आणि करकरतात. ओसरी-ओसरीवर दिवसभर ती करकर चालायची, जात्याहून कितीतरी कर्कश. ती मायला सोसत होती. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालली आहे, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळत नाही, म्हणून आमच्या कापसाला एवढा भाव, हे मी मुंबईच्या शाळेत ऐकलं होतं. गावाला लढाईशी देणंघेणं नव्हतं. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या, तेवढं पुरे होतं.

मुंबईची शाळा म्हणजे, आई गेली तेव्हा मामाने मला तिकडे नेलं आणि गोऱ्या बाईंच्या शाळेत घातलं. तिथे सगळं इंग्रजीत. आक्का मोठी, ती घर सांभाळायला मागे राहिली. मी परतले तेव्हा मला गावाने ‘मडम’ म्हणायला सुरुवात केली. मी बोलले की माझी भाषा पुस्तकी वाटे आणि बायका हसत. म्हणून मी बोलायचं सोडून दिलं. मनात मात्र मी सारखी भांडत असे आणि तेही इंग्रजीत. बापाशी भांडायला माझ्याजवळ मराठी शब्दच नव्हते, कारण ते मला कोणी शिकवले नव्हते.

आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला निघाली आणि तिची दमणी शिवेवर पोचली, तेव्हा दोर आदल्याच दिवशी ताणला गेला होता. तिच्या दिराने तिला आणि सोबतच्या चुलत सासूला झाडाखाली उतरवलं आणि घाईने गाडी वळवली, कारण नांदगावाकडचं त्यांचंही गाव बांधायला निघालं होतं. तो पोचला तेव्हा तिथेही दोर लागला होता. म्हणजे आक्काला पुढेही जाता येईना, मागेही फिरता येईना.

बाबा दोराच्या अलीकडून तिच्याशी बोलले. आवाज चढवला नाही. तो कधीच चढत नसे.

“पोरी, आज तुले घेतलं त उद्या सारं गाव आपल्या लेकीसुना आणीन. पाटलानंच दोर तोडला म्हणतीन.”

“मी दोर तोडायले कुठं सांगून राहिली, बाबा? वाकून येतो ना खालून.”

भगत मध्येच म्हणाला, “दोन जिवाची बाई खालून गेली त माय एक जीव ठेवून घेते.”

आक्काची चुलत सासू दात पडलेली, पण जीभ शाबूत. ती झाडाखालूनच ओरडली, “मंग मलेच ठेव म्हणा! मी तशीबी जास्तीचीच हावो!”

बाबांनी पऱ्हाट्या पाठवल्या, त्यांचं खोपट उभं राहिलं. शिवेवरच्या सपाट दगडावर मी रोज जेवण ठेवायचं आणि मागे सरायचं, मग म्हातारीने येऊन ते उचलायचं, असा नियम ठरला. पाणी मी दोराच्या वरून ओतायचं आणि तिने खाली घागर धरायची, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. अर्धं पाणी मातीत जाई.

“काय आणलं व, मडम?” म्हातारी रोज विचारी.

“घुगऱ्या.”

“कालबी घुगऱ्या. आमी माणसं हावो का बैलं?” आणि मग खोपटाकडे तोंड करून, “बैलं असतो त वाट तरी मियाली असती!”

आतून आक्का हसायची. तिचं हसू ऐकलं की मला बरं वाटण्याऐवजी संताप यायचा. उन्हाने तिचे ओठ फाटले होते, पायांवर सूज होती, आणि ती मला विचारायची, “बाबा जेवले का?”

पहिल्या खेपेच्या गाड्या परतल्या तेव्हा मी दगडापाशीच होते. बांबूंनी दोर उचलला. रिकामी पोती टाकलेल्या गाड्या आणि धुळीने माखलेले गाडीवान आत आले.

“बाजारात पटकी हाये म्हणतात?” बाबांनी विचारलं.

“हाये ना. आमच्या बाजूले अकोल्याकडची गाडी उभी व्हती. तिचा गाडीवान रात्रीतून पटकीनं मेला. थितीच रायला बिचारा.”

“माल उतरला ना आपला?”

“सारा उतरला.”

मग गाडीवान विहिरीवर गेले, हातपाय धुतले, पोहऱ्याला तोंड लावून पाणी प्याले. गावची सुईण माझ्या शेजारी उभी होती. तिला मी हळूच विचारलं, “हे आत कसे आले?”

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं होतं. “आपलेच हायेत व ते. गाव बांधलं तवा आतच व्हते. बायेरचे थोडेच हायेत?”

पटकी कशाने होते हे मलाही माहीत नव्हतं. शाळेत बाई म्हणायच्या, वाईट हवेने. गावात म्हणायचे, मायच्या कोपाने. दोन्हींपैकी काहीही खरं धरलं, तरी हवा आणि माय त्या गाडीवानांना ओळखून सोडून देतील हे मला पटत नव्हतं. आणि याच गावात जन्मलेली माझी बहीण मात्र बाहेरची ठरली होती, कारण लग्नाने तिचं गाव बदललं होतं.

पुढच्या खेपेच्या गाड्या परतायच्या दिवशी मी भर दुपारी पाणी घेऊन गेले, तर म्हातारी दगडावर उभी राहून हात हलवत होती. तिच्या तोंडात एकही थट्टा नव्हती.

“सुईणीले आण. लौकर आण. सकायपासून कळा देऊन राहिली. लेकरू आडवं वाटते मले.”

मी घागर तिथेच टाकली. सुईणीच्या घरापर्यंत धावले, गावातून अशी धावणारी मी पहिलीच पोरगी असेन. सुईण लगेच उठली, हात धुतले, आणि दारातच थांबली.

“जातो मी. पण मंग मले वापस घेतीन का? घरात लेकरं हायेत माह्या भरवशावर. आधी तुह्या बापाले विचार.”

तिचं काही चुकलं नव्हतं. ती माझ्या मागोमाग शिवेपर्यंत आली.

तिथे भगत आणि चार-पाच जाणती माणसं लिंबाच्या सावलीत बसली होती. बाबा उभे होते आणि कपाळावर हात धरून वाटेकडे पाहत होते. अमरावतीच्या वाटेवर धूळ दिसत होती. गाड्या परत येत होत्या. पलीकडच्या खोपटातून आक्काचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. मोठ्याने रडायचं नाही हा नियम ती बाहेर राहूनही पाळत होती. तोंडात काहीतरी कोंबून कण्हल्यासारखा आवाज होता. बाबांनी तो ऐकला, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. त्यांनी मान वळवली नाही.

“पाटील,” सुईण म्हणाली, “पोरीले कळा लागल्या. मी जाऊ का? वापस येऊ देसान का?”

बाबांनी भगताकडे पाहिलं. भगताने मान हलवली. “येकीसाठी सारं गाव कसं घालवाव?”

“जरा थांब,” बाबा सुईणीला म्हणाले. “गाड्या आत येऊ दे आधी. मंग बसून इचार करू.”

बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ आला. दोघं जण उठले, सवयीने बांबू घेतले, दोराखाली लावले. कोणाला विचारावं लागलं नाही. कोणी भगताकडे पाहिलं नाही. दोर वर गेला, डहाळे हलले, पहिल्या गाडीचे बैल आत आले. मागे रिकाम्या पोत्यांची चळत होती. मी गाडीच्या आडवी गेले. गाडीवानाने कासरा ओढला. बैलाचा गरम श्वास माझ्या खांद्यावर येत होता. मी चळतीतलं वरचं पोतं ओढून काढलं आणि बाबांसमोर उघडं धरलं. ते इतकं मोठं होतं की माझे दोन्ही हात ताणूनही त्याचं तोंड पुरतं उघडेना.

सगळे माझ्याकडे पाहत होते. कोणीतरी “मडम...” असं म्हणून हसायला लागलं आणि थांबलं. पण या वेळी मनात इंग्रजी नव्हतं.

“बाबा, आक्काले याच्यात भरून आणू का? पोत्यासाठी त दोर उचलता ना तुमी?”